धुराचं पाणी फळबागेला खरंच लागू पडतं का? समजून घ्या ‘वुड व्हिनेगर’ची पूर्ण गोष्ट

ऑक्टोबर महिन्यात नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातून गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. छाटणी झालेली असते, बागा उघड्याबोडक्या झालेल्या असतात आणि बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात. कुणी त्या काड्यांची कुट्टी करून मातीत घालतं, तर कुणी सरळ पेटवून मोकळं होतं. धूर वर जातो, राख खाली राहते, विषय संपतो.

पण आता त्या धुरातलंच पाणी बाटलीत भरून शेतकऱ्याला विकलं जातंय. त्याचं नाव ‘वुड व्हिनेगर’. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि यूट्यूबवर त्याचे दावेही जोरदार असतात. फुटवा जोमात, भुरी गायब, मणी फुगतो, साखर वाढते आणि वर रेसिड्यू शून्य!

एवढं सगळं एकाच बाटलीत मिळत असेल तर प्रश्न पडणारच, की हे खरं किती आणि हवा किती?

थोडक्यात उत्तर असं, की वुड व्हिनेगर ही भोंदूगिरी नाही आणि जादूही नाही. अगदी थोड्या प्रमाणात ते झाडाला हात देऊ शकतं, प्रमाण वाढलं तर तेच झाड भाजून काढतं. आणि त्याला औषध समजून कुणी बाग त्याच्या भरवशावर सोडली, तर हंगाम हातचा जाऊ शकतो.

आता सविस्तर बघू.

वुड व्हिनेगर म्हणजे नेमकं काय?

लाकूड मोकळ्या हवेत जाळलं की त्याची राख होते. तेच लाकूड हवा कोंडून तापवलं, तर त्याचा कोळसा होतो. कोळसा होताना लाकडातून दाट, पांढरा-पिवळसर धूर निघतो. हा धूर लांब नळीतून नेऊन थंड केला की त्याचं पाणी होऊन थेंब-थेंब खाली पडतं. हेच ते वुड व्हिनेगर. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफेचं पाणी धरतं ना, अगदी तसाच हा प्रकार.

यात साधारण ८० ते ९० टक्के पाणीच असतं. उरलेल्या भागात मुख्य घटक ॲसिटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलंच आम्ल. त्याशिवाय फिनॉल वर्गातली रसायनं, थोडं मिथेनॉल, फरफ्युराल अशी २०० पेक्षा जास्त संयुगं यात सापडतात. रंग पिवळसर ते तांबूस, वास जळक्या लाकडाचा आणि पीएच साधारण ३ च्या आसपास. म्हणजे चांगलंच आंबट.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. सतराव्या शतकात जर्मन रसायनतज्ज्ञ योहान ग्लॉबर याने लाकडाच्या धुरातून मिळणाऱ्या या आम्लाबद्दल लिहून ठेवलंय. एकोणिसाव्या शतकात तर ॲसिटिक ॲसिड, मिथेनॉल आणि ॲसिटोन मिळवण्यासाठी लाकूड तापवण्याचे मोठमोठे कारखाने होते.

आपल्या शेजारीच याचं उदाहरण आहे. कर्नाटकातल्या भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला. त्याची भट्टी लाकडी कोळशावर चालायची आणि कोळसा करताना निघणाऱ्या धुरातून रसायनं काढण्याचा प्लांट तिथे उभारला होता. या कारखान्यामागे होते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. धूर म्हणजे वाया जाणारा माल, हे त्या काळातही कुणाला मान्य नव्हतं.

पुढे हीच रसायनं पेट्रोलियममधून स्वस्तात मिळायला लागली आणि हा धंदा बसला. शेतीत मात्र ही गोष्ट टिकली ती जपानमुळे. तिथे कोळसा पाडणारे लोक हे पाणी गोळा करायचे. त्याला ‘मोकुसाकु’ म्हणतात. जपानमधून ते थायलंड, ब्राझील अशा देशांतल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचलं.

धुराचा आणि झाडाचा संबंध काय?

इथे गोष्ट खरी रंगतदार होते.

कोकणात भाताची रोपं टाकण्याआधी राब भाजतात. पालापाचोळा, फांद्या, शेणी जमिनीवर पसरून पेटवतात. त्याने तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं, हे त्यामागचं नेहमीचं स्पष्टीकरण. पण धूर स्वतः बियाण्याला जागं करू शकतो, हे विज्ञानाने बऱ्याच उशिरा पकडलं.

ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत जंगलाला वणवा लागून गेला की वर्षानुवर्षं झोपलेलं बी अचानक उगवून येतं. २००४ मध्ये या दोन्ही देशांतल्या शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करून, त्यामागचं धुरातलं संयुग शोधून काढलं. या गटाला पुढे ‘कॅरिकिन’ असं नाव मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या नूंगार या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘कॅरिक’ म्हणजे धूर. हे संयुग इतक्या सूक्ष्म प्रमाणात काम करतं की पाण्यात त्याचा अंश जेमतेम असला तरी बियाण्याला निरोप पोचतो.

म्हणजे धूर झाडासाठी नुसता कचरा नसतो, तो एक संदेशही असतो.

फळबागेतलं याहून जवळचं उदाहरण फिलिपाइन्सचं. तिथले आंबा बागायतदार मोहोर लवकर यावा म्हणून झाडाखाली ओला पाला पेटवून दिवसचे दिवस धुरी द्यायचे. धुरातला इथिलीन वायू झाडाला मोहोराकडे ढकलत असावा, असं मानलं जायचं. १९७० च्या दशकात रॅमोन बार्बा या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पोटॅशियम नायट्रेटची साधी फवारणी हेच काम कमी खर्चात आणि कमी कष्टात करते. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपल्याकडचे बागायतदार ज्याला ‘१३:००:४५’ म्हणतात तेच खत. बार्बांच्या शोधाने तिथली आंबाशेती बदलली. धुरीचा उपाय खोटा नव्हता, पण तो तपासल्यावर त्याच्यापेक्षा बरा उपाय हाती लागला.

वुड व्हिनेगरकडे बघण्याची योग्य नजर हीच आहे.

मग फळबागेत ते काय करतं?

यामागे तीन गोष्टी असू शकतात.

पहिली गोष्ट आम्लाची. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विहिरीचं आणि बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं, पीएच ८ च्या आसपास किंवा त्याच्याही वर. अशा पाण्यात काही कीटकनाशकं लवकर निकामी होतात आणि लोह, जस्त यांसारखी अन्नद्रव्यं झाडाला नीट मिळत नाहीत. म्हणून द्राक्ष बागायतदार टाकीत सायट्रिक ॲसिड टाकून पीएच उतरवतात. वुड व्हिनेगरही तेच करतं. म्हणजे ‘फवारल्यावर पानं तजेलदार झाली’ या अनुभवात थोडा वाटा नुसत्या आंबटपणाचाही असू शकतो.

दुसरी गोष्ट फिनॉलची. ही रसायनं बुरशी आणि जिवाणूंची वाढ रोखतात. धुरावर वाळवलेले मासे टिकतात, त्यामागचं एक कारण हेच. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वुड व्हिनेगर टाकलं की बुरशी थांबलेली दिसते. पण बशीतली बुरशी वेगळी आणि ढगाळ हवेत रात्रीतून पसरणारा डाऊनी वेगळा. बशीत वापरलेलं प्रमाण बहुतेक वेळा असं असतं, की ते पानावर मारलं तर बुरशीआधी पानच करपेल.

तिसरी गोष्ट कॅरिकिनसारख्या संदेश देणाऱ्या संयुगांची. पण इथे एक मेख आहे. त्यांचा सगळ्यात पक्का पुरावा बी उगवण्याबाबत आहे. द्राक्ष, डाळिंब, हापूस यांची बाग कुणी बी पेरून लावत नाही, ती कलमांची नाहीतर गुटीची असते. त्यामुळे हा फायदा रोपवाटिकेत जास्त पटण्यासारखा आहे. पाच वर्षांच्या द्राक्षवेलीलाही तसाच होईल, असं गृहीत धरता येत नाही.

खत नाही, औषध नाही, संजीवकही नाही

शेतीच्या दुकानात तीन शब्दांची नेहमी सरमिसळ होते. खत झाडाला अन्न देतं. औषध कीड-रोग मारतं. संजीवक, म्हणजे जीएसारखं रसायन, झाडाच्या वाढीचा हार्मोन थेट हलवतं. बायोस्टिम्युलंट यांपैकी काहीच नाही. झाडाची अन्न घेण्याची, ऊन-पाण्याचा ताण सोसण्याची जी ताकद आधीच आहे, ती चेतवणं एवढंच त्याचं काम.

म्हणूनच ज्या बागेत माती, पाणी आणि अन्नद्रव्यांचं गणित बरोबर आहे तिथे त्याचा थोडा उपयोग दिसतो. जिथे मुळालाच मर लागलाय, तिथे कुठल्याही बायोस्टिम्युलंटची बाटली ओतून उपयोग नाही.

ज्या जपानमुळे हे पाणी शेतात टिकलं, त्या देशाची सावधगिरीही बघण्यासारखी आहे. कीटकनाशकांचा कायदा कडक केल्यावर तिथे निरुपद्रवी घरगुती पदार्थांसाठी एक वेगळी यादी केली गेली. २००३ मध्ये साधं व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि स्थानिक मित्रकीटक त्या यादीत आले. वुड व्हिनेगरचं नावही चर्चेत होतं, पण ते लगेच मान्य न करता प्रलंबित ठेवलं गेलं. ते वापरायला बंदी आली नाही, पण ‘कीड मारणारं औषध’ म्हणून विकायची मुभाही मिळाली नाही.

सगळा खेळ प्रमाणाचा

वुड व्हिनेगरमध्ये नुकसान होतं ते बहुतेक वेळा ‘थोडं जास्त टाकलं तर जास्त फायदा’ या हिशोबामुळे.

फवारणीसाठी सहसा ५०० पट पाणी धरतात, म्हणजे एक लिटर पाण्यात २ मिली. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाला ३० मिली झाले. कोवळी फूट, फुलोरा किंवा मोहोर असेल तर यापेक्षाही पातळ करावं, आणि शक्यतो फुलोऱ्यात टाळावंच. मुळाशी आळवणी करायची तर २०० पट, म्हणजे लिटरला ५ मिली.

हेच पाणी २० ते ५० पट एवढं दाट राहिलं, तर ते तण आणि कोवळी रोपं जाळू शकतं. काही देशांत रिकाम्या जमिनीवर ते याच कामासाठी वापरतात. म्हणजे एकाच बाटलीत टॉनिकही आहे आणि तणनाशकही. फरक फक्त मापाचा.

फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायची. आणि आधी चार-पाच झाडांवर मारून दोन-तीन दिवस वाट बघायची, मगच बाग.

कशात मिसळायचं नाही?

बोर्डो मिश्रणात नाही. बोर्डोत चुन्याने तांबं बांधून ठेवलेलं असतं. आम्ल पडलं की ते तांबं मोकळं होतं आणि पानं, मणी भाजतात. तांब्याच्या इतर बुरशीनाशकांनाही हाच नियम.

चुना-गंधकाच्या द्रावणात नाही. आम्लाने त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो. टाकी धुवायच्या ब्लिचिंग पावडरशी तर गाठच पडू द्यायची नाही, कारण त्यातून क्लोरीन निघतो.

ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास यांच्यासोबतही नाही. जंतू रोखणारं द्रावण मित्र कोण आणि शत्रू कोण हे बघत नाही. दोन्हीमध्ये काही दिवसांचं अंतर हवं.

आणि एक वेगळाच सल्ला, की हे पाणी पिऊ नये! हसण्यासारखं वाटेल, पण ‘शरीरातली विषं काढतं’ म्हणत वुड व्हिनेगर भरलेले तळपायाचे पॅच जगभर विकले गेलेत. अमेरिकेत २००९ मध्ये सरकारी यंत्रणेने अशा पॅचच्या विक्रेत्यांवर खोट्या दाव्यांसाठी खटला भरला होता. यात मिथेनॉल असतं, त्यामुळे बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवायला हवी.

बाटली विकत घेताना काय बघायचं?

इथे शेतकऱ्याचा खरा पैसा पणाला लागतो.

भारतात बायोस्टिम्युलंटसाठी बराच काळ वेगळा नियमच नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात बदल करून बायोस्टिम्युलंटची व्याख्या आणि नोंदणी आणली गेली. कंपन्यांना तात्पुरत्या परवानगीवर विक्रीची मुदत मिळत गेली. ती १६ जून २०२५ ला संपली. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की एके काळी बाजारात अशी सुमारे ३० हजार उत्पादनं कुठल्याही तपासणीशिवाय विकली जात होती आणि काटेकोर छाननीनंतर हा आकडा ६५० च्या आसपास आलाय.

३० हजारांमधून ६५०. या एका आकड्यात सगळं आलं.

म्हणून लेबलवर खत नियंत्रण आदेशाखालची नोंद आहे का, घटक आणि त्यांचं प्रमाण लिहिलंय का, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि तारीख आहे का, हे बघायचंच. पक्कं बिल घ्यायचं. आणि लेबलवर ‘कीड मारतं’, ‘भुरी घालवतं’ असं लिहिलं असेल तर शंका घ्यायची, कारण कायद्याच्या व्याख्येत कीटकनाशक आणि संजीवक दोन्ही बायोस्टिम्युलंटच्या बाहेर ठेवलेत.

‘नैसर्गिक’ लिहिलेल्या बाटलीत कुणी गुपचूप रसायन मिसळलं असेल, तर ते बागायतदाराला कळतं थेट रेसिड्यूच्या रिपोर्टमध्ये. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे सीसीसी, या संजीवकाच्या अंशामुळे भारतातली द्राक्षं युरोपात अडकली होती. तो फटका द्राक्षपट्टा अजून विसरलेला नाही. निर्यातीची बाग असेल तर नाव माहीत नसलेल्या बाटलीचा एक फवारा वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो.

घरी करता येतं का?

येतं. पण त्यालाही शिस्त लागते.

२०० लिटरचं लोखंडी पिंप, त्यात वाळलेलं लाकूड, हवेला छोटं तोंड आणि वर तिरकी लांब नळी, एवढ्यावर छोटी भट्टी उभी राहते. लाकूड मात्र साधं हवं. रंग दिलेलं, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड किंवा प्लायवूड नको.

कळीची गोष्ट म्हणजे तापमान. जपानच्या पद्धतीत धुराड्याच्या तोंडाशी धूर ८० ते १५० अंश सेल्सिअस असतानाच पाणी गोळा करतात. आधीच्या धुरात नुसती वाफ जास्त. नंतरच्या धुरात डांबर वाढतं आणि त्यासोबत बेंझोपायरिनसारखी कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं येतात.

गोळा झालेलं पाणी लगेच वापरायचं नाही. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात ते किमान तीन महिने न हलवता ठेवायचं. लोखंडी भांडं चालत नाही, आम्ल ते खातं. तीन महिन्यांनी थर वेगळे होतात. वर तेलकट तवंग, तळाला काळं डांबर आणि मध्ये स्वच्छ तांबूस पाणी. वापरायचा तो फक्त मधला थर.

शंभर किलो लाकडातून हाती येतं ते काही लिटर. म्हणजे नुसत्या व्हिनेगरसाठी भट्टी लावणं परवडत नाही. खरा माल कोळसा आहे. त्याचा चुरा शेणखतात मुरवून मातीत घातला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. बांधावर जाळून जाणाऱ्या छाटणीतून कोळसा आणि व्हिनेगर दोन्ही मिळालं, तरच हिशोब जमतो. आणि त्यासाठी उभं झाड तोडायचं असेल, तर ‘नैसर्गिक शेती’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

भट्टीवरची माणसं

या गोष्टीचा एक भाग क्वचितच कुठल्या व्हिडिओत येतो. महाराष्ट्रात कोळसा पाडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर कातकरी कुटुंबं करतात. पावसाळा संपला की ठेकेदाराची उचल घेऊन ती रायगडमधून दूरच्या भट्ट्यांवर जातात. उचल फिटत नाही, पोरांची शाळा सुटते आणि वेठबिगारीची प्रकरणं पुन्हा पुन्हा पुढे येतात. तो सगळा धूर सहा-सात महिने त्यांच्याच छातीत जातो.

भट्टीला नळी लावून धूर पकडला तर हवेत जाणारा धूर काही प्रमाणात कमी होतो आणि विकण्यासारखी आणखी एक वस्तू तयार होते. ती विकून आलेला पैसा भट्टीवरच्या माणसाकडे जाणार की उचल देणाऱ्याकडे, हा प्रश्न मात्र कुठलीही नळी सोडवत नाही.

मग शेतकऱ्याने करायचं काय?

कुणाच्या व्हिडिओवर विश्वास ठेवण्यापेक्षा आपल्याच बागेला विचारायचं. बागेतल्या सारख्या जोमाच्या तीन ओळी निवडायच्या. एका ओळीवर साधं पाणी, दुसरीवर सायट्रिक ॲसिड टाकून तेवढाच पीएच केलेलं पाणी आणि तिसरीवर वुड व्हिनेगर. बाकी खत, औषध, पाणी तिन्हींना एकसारखं. मग फुटी मोजायच्या, घड मोजायचे, काढणीला वजन आणि साखर बघायची.

दुसरी आणि तिसरी ओळ सारखीच निघाली, तर काम आंबटपणाचं होतं आणि ते स्वस्तात होतं. तिसरी खरंच पुढे गेली, तर पुढच्या वर्षी आणखी चार ओळी वाढवायच्या. आणि तिन्ही सारख्या निघाल्या, तर नुकसान झालं ते फक्त एका ओळीच्या फवारणीचं.

फिलिपाइन्सच्या आंब्याखालचा धूरही असाच तपासला गेला होता. तो तपासला म्हणूनच तिथल्या बागायतदाराची रात्र-रात्र झाडाखाली जाळ धरून बसण्यातून सुटका झाली.